दाराबाहेरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि माझा मागचा डावा पाय आखूड आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर तुम्ही बसाल, मी डुगडुगेन, आणि मग सगळे मलाच नावं ठेवतील. आयुष्यभर तेच ऐकत आले आहे.

आता पाय आखूड राहिला यात माझा काय दोष? ज्या सुताराने मला बनवलं, त्याला एका मुलींच्या वसतिगृहासाठी चाळीस खुर्च्या पुऱ्या करायच्या होत्या. मी चाळिसावी. त्याचं सगळं लक्ष घरी जाण्याकडे, आणि करवत जरा वर लागली. त्याने मला जमिनीवर टेकवून हलवून पाहिलं, "असू दे, कोण बघतंय!" म्हणाला आणि बाकीच्यांबरोबर गाडीत चढवलं.

कुणी बघितलं नाही कसं? पहिल्याच दिवशी एका मुलीची आमटी तिच्या मांडीवर सांडली. मग माझी जेवणघरातून स्वयंपाकघरात रवानगी झाली, आणि तिथे मला मावशी भेटली.

मावशी म्हणजे वसतिगृहाची मुख्य स्वयंपाकीण. दीडशे मुलींचा स्वयंपाक तिच्या हाताखाली व्हायचा. सगळ्या मुली तिला मावशी म्हणायच्या, म्हणून मीही म्हणते. ती बटाटे सोलायला माझ्यावर बसायची, आणि वरच्या फळीवरचे डबे काढायचे असले की माझ्यावरच उभी राहायची. मी डुगडुगले की ओरडायची, "मेले, नीट उभी राहा की! तुला काय नाच शिकायचाय?" मग पुठ्ठ्याची घडी करून माझ्या पायाखाली सरकवायची. घडी दोन दिवसांत निसटायची आणि आमचं भांडण पुन्हा सुरू.

एकदा तर माझ्या डुगडुगण्याने ती दुधाच्या पातेल्यासकट खाली आली. केवढा तो आवाज! सगळ्या मुली जेवण टाकून धावत आल्या. "मावशी, लागलं का? मावशी, बघू हात!" मावशीला काही झालं नव्हतं, पण त्या दिवशी तिने मला जळणात घालायची धमकी दिली. मी फार घाबरले होते.

मावशीचा एक नियम होता. जेवणं आटोपली की ती दारात उभी राहून परत येणारी ताटं बघायची. कुणी किती टाकलं, काय टाकलं, सगळं तिच्या डोक्यात. म्हणायची, "माणसाचं तोंड खोटं बोलतं, ताट बोलत नाही." ताट भरलेलं परत आलं की ती त्या मुलीच्या खोलीत जाऊन कपाळाला हात लावून बघायचीच. तिचा अंदाज सहसा चुकायचा नाही. घरी नवऱ्याला आणि लेकीलाही तिने हेच शिकवलं होतं. लेक लहानपणी रडायला लागली की आधी ताट बघायचं, मग लेकीकडे.

पुढे वसतिगृहात स्टीलच्या खुर्च्या आल्या. आम्हाला भंगारात काढलं तेव्हा मावशी रखवालदाराला म्हणाली, "ही माझी, मी नेते. हिच्याशी भांडल्याशिवाय मला करमायचं नाही." तिचा नवरा शाळेची बस चालवायचा. पोरं त्याला बसकाका म्हणायची. त्याच्या बसमध्ये शेवटच्या बाकाशेजारी बसून मी त्यांच्या घरी आले. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि तीन माणसं. मावशी, बसकाका आणि नववीतली लेक. तिथे मी फार सुखात होते, मित्रांनो.

मग ती साथ आली. शाळा बंद, बस बंद. वसतिगृहातल्या बहुतेक मुली घरी गेल्या, पण अकराजणी अडकून पडल्या. त्यांच्यासाठी मावशी तोंडाला मास्क बांधून रोज जात राहिली. "त्यांना कोण घालणार जेवायला? भिंती?" असं म्हणायची. एक दिवस वसतिगृहाच्या मोठ्या बाईंना रुग्णवाहिका घेऊन गेली. त्या चालत जाऊन गाडीत बसल्या होत्या, पण परत आल्याच नाहीत. मावशी ते सांगताना माझ्यावर बसली होती.

आठवड्याने तिलाच ताप भरला. तपासणीत तोच आजार निघाला. डॉक्टर फोनवर म्हणाले, घरीच वेगळ्या खोलीत ठेवा, नीट जेवतात का ते बघा, दम लागला तर लगेच कळवा. बोटाला लावून बघायचं ते यंत्र कुठल्याच दुकानात मिळालं नाही. बसकाकाने एका दुकानात नाव लिहून ठेवलं.

मावशी आतल्या खोलीत गेली, दार लागलं आणि मला दाराबाहेर ठेवलं. माझ्यावर ताट ठेवायचं, दोनदा टकटक करायचं आणि मागे सरायचं, असं ठरलं. ठेवण्याआधी बसकाकाने मला उलटी केली. म्हणाला, "तिचं ताट सांडायला नको." जुन्या ट्यूबचा जाड तुकडा कापून त्याने माझ्या आखूड पायाला खिळ्यांनी ठोकला. आयुष्यात पहिल्यांदा माझे चारही पाय जमिनीला टेकले. खरं सांगते, मला फार अभिमान वाटला. इतकी वर्षं नावं ठेवलीत ना, आता बघा म्हणावं.

पहिल्या दिवशी मावशी थोडं जेवली. दुसऱ्या दिवशी टकटक झाल्यावर तिने दार उघडलं, ताटासकट मला आत ओढलं आणि दार लोटून माझ्यावर बसली. ताट मांडीवर घेतलं. एक घास तोंडात घातला आणि तो तिला गिळवेना. दुसरा घास हातातच राहिला. मग उशाखालून प्लास्टिकची पिशवी काढली, ताटातलं सगळं तिच्यात ओतलं, गाठ मारली आणि पिशवी पलंगाखाली सरकवली. खोलीतल्याच न्हाणीत ताट विसळलं आणि मला पुन्हा बाहेर ढकललं.

बाहेरून बसकाका ओरडला, "अगं, झालं जेवून?"

"हो! ताट बघा की."

बसकाकाने ताट बघितलं. चकचकीत. त्याचा चेहरा असा खुलला की काय सांगू! लेकीला म्हणाला, "सगळं संपवलं गं आईने. आता काही काळजी नाही."

मी ओरडणार कशी, मित्रांनो? मला चार पाय आहेत, पाठ आहे, दोन हात आहेत. तोंड तेवढं नाही.

मावशीलाही ते माहीत होतं. तिसऱ्या दिवशी गाठ मारताना तिने माझ्या हातावर थोपटलं. धाप लागत होती तरी हसली. "तू सांगणार नाहीस ना कुणाला? भरलेलं ताट दिसलं तर हे मला उचलून तिकडे दवाखान्यात नेऊन टाकतील. मला नाही जायचं एकटीला. दोन दिवसांत होईन मी बरी."

चौथ्या दिवशी बसकाकाने डाळभात केला. दुपारी दाराशी येऊन त्याने विचारलं, "कसा झाला होता?"

"छान झाला होता हो."

तो हरखून गेला. वीस वर्षांच्या संसारात मावशीने त्याच्या स्वयंपाकाला बरं म्हटलं नव्हतं. तेवढ्यात लेक स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, मीठच नाही घातलं तुम्ही!"

"असं कसं? आई तर छान म्हणाली."

"तिची चव गेली असेल. या आजारात जाते म्हणे."

"हां, तसंच असेल," बसकाका म्हणाला, आणि तिथेच विषय संपला. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला तेव्हा त्याने छातीठोकपणे सांगितलं, "जेवण एकदम व्यवस्थित, डॉक्टर. रोज ताट चाटूनपुसून."

लाकडाला वजन कळतं. मावशी रोज हलकी होत होती आणि तिचा हात माझ्यावर रोज जड पडत होता. पाचव्या दिवशी मला आत ओढायला तिला तीनदा थांबावं लागलं. सहाव्या दिवशी ती माझ्यावर बसली ती पुढे कलंडली, कपाळ गुडघ्यांना टेकलं. तिचा सगळा भार एका बाजूला आला होता. पूर्वीची मी असते तर तेव्हाच कलले असते, ताट फरशीवर आदळलं असतं, आणि दोघं धावत आली असती. पण बसकाकाचं काम पक्कं होतं. मी हलले नाही. मावशी सावरली. तिने पिशवीला गाठ मारली. ताट विसळलं. मला बाहेर ढकललं.

सातव्या दिवशी दूध आणि अंडं माझ्यावर ठेवून बसकाकाने टकटक केली. दार उघडलं नाही. दुधावर साय आली, तरी उघडलं नाही.

"अगं ए! झोपलीस का?"

पुन्हा टकटक. मग त्याने मला बाजूला सारलं आणि दार ढकललं. मावशी पलंगाच्या कडेला टेकून जमिनीवर बसली होती. डोळे उघडे होते, पण श्वास पुरत नव्हता. तिला उचलायला तो वाकला आणि पलंगाखाली त्याला त्या पिशव्या दिसल्या. एका रांगेत, प्रत्येकीला नीट गाठ. त्याने एक उघडली. लेक दाराशी नाक दाबून उभी होती. "बाबा, केवढा वास मारतोय!"

"वास?" तो म्हणाला. "मला नाही येत गं."

त्याने पिशवी नाकाशी धरली. पुन्हा धरली. दोन दिवसांपासून चहाला चव नाही म्हणून तो दूधवाल्यावर चिडत होता. म्हणजे आजार केव्हाच दाराच्या या बाजूलाही आला होता. तो तिच्याजवळ बसून तिला एकेक घास भरवू शकला असता. नंतर त्याने तपासणी करून घेतली, तेव्हा त्यालाही तोच आजार निघाला.

रुग्णवाहिकेतून त्याला जाऊ दिलं नाही. मावशीला खाली नेईपर्यंत बसवायला मलाच घेतलं. अंगभर पांढरे कपडे घातलेल्या दोघांनी मला दोन्ही बाजूंनी उचललं आणि जिने उतरले. तिची बोटं माझ्या हातावर होती. खाली तिला गाडीत घेतलं, मला फुटपाथवर ठेवलं आणि गाडी गेली. बसकाका वर खिडकीत उभा होता, लेक त्याच्या मागे. मी तिथे दुपारभर उन्हात होते. मला कुणी हात लावत नव्हतं.

अकराव्या दिवशी फोन आला. मावशी गेली होती. पलीकडचे डॉक्टर एवढंच म्हणाले, "दोन-तीन दिवस आधी आणायला हवं होतं हो."

बसकाका बरा झाला. बसही आता सुरू झाली आहे. पुष्कळ दिवस तो माझ्याकडे बघायचाही नाही. मग एकदा त्याने मला उलटी केली, पक्कड घेतली आणि तो रबराचा तुकडा उपटून काढला. खिळे निघता निघत नव्हते. लेकीने विचारलं, "बाबा, हे काय करताय? आता पुन्हा हलेल ती."

"हलू दे," तो म्हणाला.

आता मी स्वयंपाकघरात असते आणि पहिल्यासारखी डुगडुगते. बाप-लेक एकमेकांसमोर बसून जेवतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, ताटाकडे नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी दार लावून आत पडलं असेल, तर रिकाम्या ताटावर जाऊ नका. दार उघडा, नाहीतर खिडकीतून बघा, पण चेहरा बघा. आणि घरातली जुनी खुर्ची डुगडुगत असेल तर तिच्यावर फार रागावू नका. मी जन्मभर नको तेव्हा डुगडुगले. ज्या एका दिवशी डुगडुगायला हवं होतं, त्या दिवशी मात्र मी मेली नीट उभी राहिले.