पांढरा हातमोजा

चिमटा तिसऱ्यांदा निसटून दवाखान्यातल्या टेबलाखाली गेला, तेव्हा लाँड्रीवाल्यांनी आधी कुणी पाहिलं का ते पाहिलं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे दोरीवर वाळत घातले आणि आता त्यांना एक चिमटा दाबता येईना. पाच महिन्यांपूर्वी पक्षाघाताच्या झटक्यानं डावा हात लुळा पडला होता. उजवा, धडधाकट हात जाड पांढऱ्या हातमोज्यात कोंडून मांडीवर ठेवला होता.

उपचारच तसा होता. चांगला हात रोज सहा तास मोज्यात अडकवायचा, म्हणजे आजारी हाताला काम केल्यावाचून गत्यंतर उरत नाही. घरीही मोजा घालायचा आणि डाव्या हातानं काय काय केलं ते वहीत लिहायचं. वही बायको लिहायची.

“बटण लावलं लिहू, की लावून घेतलं लिहू?” तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“लावलं लिही.”

त्यानंतर तिनं विचारणं सोडलं. गिऱ्हाइकासमोर डावा हात थरथरतो, इस्त्रीचा शर्ट जमिनीवर पडतो, हे त्यांना सोसवत नव्हतं. दवाखान्याचं फाटक ओलांडलं, की मोजा पिशवीत जायचा.

त्या दिवशी थेरपिस्ट मॅडमनी त्यांची वही सगळ्या रुग्णांना वाचून दाखवली. “नवव्या दिवशी बुटाची नाडी! आणि मोजा बघा यांचा, अजून कसा पांढराशुभ्र!”

“लाँड्री घरचीच आहे त्यांची!” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. लाँड्रीवालेही हसले.

बेकरीवाल्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांचाही डावाच हात गेला होता. सुटल्यावर त्या फाटकाबाहेर थांबल्या होत्या.

“मी काही उद्यापासून येत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नाडीपर्यंत पोचलात. माझ्याच्यानं साधा पाव उचलवत नाही. हा हात मेलाच म्हणायचा. मॅडमना मोजा परत द्यायचाय, तेवढा धुऊन द्याल? असा मळका कसा देऊ?”

लाँड्रीवाल्यांनी मोजा घ्यायला हात पुढे केला. उजवा, उघडा. बाईंनी त्या हाताकडे पाहिलं, मोजा त्यावर ठेवला आणि निघून गेल्या.

लाँड्रीवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकानात येऊन त्यांनी मोजा उलटा केला. बाहेर पीठ, चहा, काजळी होतीच. पण आतलं अस्तर बोटांच्या टोकांशी नखांनी ओरबाडून फाटलं होतं. चांगला हात मदतीला धावायला किती तडफडला असेल आणि बाईंनी त्याला किती वेळा आवरलं असेल! ते बराच वेळ ती भोकं चाचपत राहिले.

“मशीनला टाका ना,” बायको म्हणाली.

त्यांनी मान हलवली. स्वतःचा मोजा उजव्या हातात चढवला, बादली दुकानाच्या दारातच घेतली आणि डाव्या हातानं साबण घासायला बसले. साबण पाच वेळा सटकला. गिऱ्हाइकं बघत होती. दोघांनी नजर वळवली, ते जास्त लागलं. तरी ते उठले नाहीत.

“आज काय लिहू?” संध्याकाळी बायकोनं वही उघडली.

“लिही, डाग निघाले नाहीत.”

सकाळी ते बेकरीत गेले. बाईंनी मोजा उजेडात धरला.

“डाग तर तसेच आहेत.”

“डाव्या हातानं धुतला,” ते म्हणाले. मग एका दमात बोलून गेले, “वहीतलं सगळं खोटं आहे, बाई. नाडी बायको बांधते माझी.”

बाईंनी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तिथला मोजा अजून दमट होता आणि बादलीच्या पाण्यानं काळपट झाला होता.

“पहिला दिवस का?”

“हो.”

मग बाईंनी तो धुतलेला मोजा काउंटरवर त्यांच्यासमोर ठेवला आणि आपला उजवा हात पुढे केला.

लाँड्रीवाल्यांनी डाव्या हातानं मोजा उचलला. तो पडला. पुन्हा उचलला. बाईंचा अंगठा काही केल्या मोज्यात जाईना. मागे रांग खोळंबली, कुणीतरी घसा खाकरला.

“सावकाश,” बाई म्हणाल्या. “पाव काही पळून जात नाहीत.”