काळा कोट जांभळा करणारा

हो, मीच बोलतोय. स्टँडवर उभा असलेला हा जुना कॅमेरा. माझ्यात खोट आहे, हे आधीच सांगून टाकतो; नाहीतर मागाहून म्हणाल, फसवलं.

माझा पहिला मालक लग्नांचे फोटो काढायचा. मोठ्या हौसेनं त्यानं मला आणलं आणि पहिल्याच लग्नात मी घोळ घातला. नवऱ्या मुलाचा काळाभोर कोट फोटोत चक्क जांभळा आला! "मी काय वांगं आहे का?" म्हणून तो हटूनच बसला. मालकानं माझ्याशी बरीच झटापट केली, शेवटी हात टेकले आणि मला धाकट्या बहिणीच्या गळ्यात मारलं.

ही ताई दवाखान्यात एक्स-रे काढते. न दिसणाऱ्या किरणांशी तिचा रोजचाच संबंध, त्यामुळे माझं दुखणं तिनं लगेच ओळखलं. उन्हात डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही असतात. ते अडवायला आम्हा कॅमेऱ्यांच्या पोटात एक काच असते. माझी ती काच कच्ची आहे, म्हणून ते किरण आत झिरपतात आणि काळं कापड जांभळं दिसतं.

"अरे, मग तू तर माझ्या कामाचा आहेस!" ताई म्हणाली. तोवर असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी जन्माचा तिचा ऋणी झालो.

तिनं माझ्या भिंगावर एक काळीकुट्ट काच चढवली. फक्त अवरक्त किरणांनाच आत सोडणारी. आणि काय सांगू! हिरवी झाडं पांढरीशुभ्र, निळं आकाश काळंसावळं. बाकीचे कॅमेरे उन्हाला नाकं मुरडतात, मला भर दुपार लागते.

ताईच्या घरात ती आणि तिचे बाबा, दोघंच. आई गेल्यापासून बाबा घराबाहेर पडत नव्हते. ताईला त्याचाच घोर होता. एका सुट्टीच्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, स्टँड उचलायला कुणीतरी हवंय."

"बापाला हमाल केलंस होय!" बाबा कुरकुरले, पण इमारतीच्या मागच्या मैदानापर्यंत आले.

ताईनं आधी झाड नीट दिसेल असं भिंग फिरवलं, मग काळी काच चढवली आणि बटण दाबलं. त्या काचेतून उजेड जेमतेम आत येतो, म्हणून फोटोला वेळ लागतो, तेवढं थांबावं लागतं. तर बाबा एकदम पुढे सरसावले. "अगं वेडे, झाकण तसंच राहिलंय!" आणि त्यांनी काच फिरवून काढलीसुद्धा.

"बाबा! तीच तर काच आहे!"

उन्हाचा लोंढा आत घुसला आणि फोटो पांढराफटक. दोघं पोट धरून हसली. बाबांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर ते मैदानापर्यंत येऊ लागले, पण तळ्याकडे मुळीच नाही. तिथं ते आईबरोबर रोज फिरायला जायचे. शेवटी एकदा ताई मला एकटीच तिकडे घेऊन गेली आणि तिनं फोटो बाबांसमोर ठेवला. पांढरी झाडं, काळं पाणी, काठावरचा बाक.

"हे आपलं तळं?" बाबा कितीतरी वेळ बघत राहिले. "तेच आहे, पण वेगळंच दिसतंय. असं असेल तर बघवतं गं."

आज ताई कामावर गेल्यावर बाबांनी मला गळ्यात घातलं, स्टँड खांद्यावर टाकला आणि कुणालाही न सांगता थेट तळं गाठलं. आधी बाकावर बसून डोळे पुसले, मग कामाला लागले. पहिला फोटो हलला. दुसऱ्याची तयारी चालली होती, इतक्यात फोन वाजला.

"बाबा, जेवायला घरी आले तर कुलूप! कुठे आहात तुम्ही?" ताई ओरडलीच.

"तळ्यावर. जरा कामात आहे गं. वारा पडलाय, तेवढ्यात एक काढून घेतो."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "काढा, बाबा. सावकाश या."

माझं भाग्य थोर, म्हणून मी या घरात आलो. तुमच्या कपाटातही माझा एखादा भाऊबंद पडून असेल, तर त्याला एकदा उन्हात न्या. आणि हो, बरोबर घरातलं एखादं माणूसही न्या.

आता मला गप्प बसू द्या. बाबांनी बटण दाबलंय, हलून चालायचं नाही.