मांडवीवरून दिसणारं रॉकेट

दीपकची मुलगी वेदिका श्रीहरिकोट्याला नोकरीला लागली आणि तिचा हात लागलेलं पहिलं रॉकेट उडायची तारीख ठरली. तिनं बापाला फोन केला. "बाबा, आजीला घेऊन याच. गॅलरीचं बुकिंग ऑनलाइन असतं, उघडल्या उघडल्या करा. नाहीच मिळालं तर तळ्याच्या रस्त्यावर लोक उभे राहतात, तिथूनही छान दिसतं. पण आजी हवी."

दीपकनं हो हो म्हटलं आणि बुकिंग काही केलं नाही. वेळ नव्हता असं नाही हो. गृहस्थ रत्नागिरीत कचेरीत साहेब, चारचौघांत वजन राखून असलेला. आणि आई यमुनाबाई गावात भात लावण्यात जन्म गेलेली, आवाज असा की पलीकडच्या वाडीतल्या म्हशीनं मान वळवावी. वेदिकाच्या पदवीच्या समारंभात तिनं थेट प्राचार्यांना विचारलं होतं, "तुमाला पगार किती ओ?" लोक हसले, आणि दीपकला धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं झालं. आता पोरीच्या साहेबांपुढे पुन्हा तेच? नको रे बाबा.

म्हणून त्यानं आईला सांगितलं, "एवढ्या लांब हाल कशाला? आभाळातनंच तर जातं ते. आपल्या मांडवीच्या जेट्टीवरून झक्क दिसेल."

खोटं बोलावं तर निदान बेताचं तरी बोलावं! रॉकेट उडणार पूर्वेच्या समुद्रावर, देशाच्या त्या टोकाला; मांडवीचा समुद्र पश्चिमेचा. पण त्याला वाटलं, म्हातारी येईल, घटकाभर आभाळ बघेल, ढग आडवे आले म्हणू, भेळ खाऊ आणि घरी जाऊ.

यमुनाबाई एकटी येणारी बाई नव्हे. त्या संध्याकाळी अख्खी वाडी टेम्पोत बसून मांडवीला उतरली. बायका ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या, आणि रघू गुरवाच्या हातात नारळ. गाऱ्हाणं घातल्याशिवाय आपल्याकडे लग्नाचं वऱ्हाड निघत नाही, मग रॉकेट कसं निघेल?

रघूनं दर्याकडे तोंड केलं. "बा देवा म्हाराजा, आमच्या वाडीची पोर आज आभालात वस्तू सोडतेय. वाटेत काय इडापिडा असंल ती दूर कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!" सगळी वाडी एका सुरात म्हणाली. भेळवाल्यानंही हात जोडले.

"आणि ज्यानं आपल्या म्हाताऱ्या आवशीसाठी ही जागा शोधून काढली, त्या दीपकाचं भलं कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

सगळे त्याच्याकडे वळून कौतुकानं बघत होते. गाऱ्हाण्याला गप्प राहता येत नाही. दीपकनंही ओठ हलवले. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपण देवाच्या समोर आईला फसवतोय, आणि वर आपलंच भलं मागतोय, हे त्याला तिथे पुरतं कळलं, आणि लाजेनं मान वर होईना.

कुणाच्या तरी मोबाइलवर टाळ्या वाजल्या. उडालं. सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरून आभाळ धुंडाळलं. सूर्य बुडत होता, दोन बगळे गेले, बस्स.

"दीपकदादा, कंच्या बाजूला बघायचं?" एका बाईनं विचारलं.

तेवढ्यात यमुनाबाईचा आवाज आला, "ते काय, गेलं! ढगात शिरलं. तुमी सगली कुटं बघत होतात?"

म्हातारीच्या शब्दावर वाडीत कोण शंका घेणार? लोकांनी ढगाला हात जोडले, साखर वाटली आणि हसतखेळत टेम्पोत चढले. रघूच्या शेजारी यमुनाबाई बसली. दीपक टेम्पोच्या मागच्या फळीपाशी जाऊन उभा राहिला.

"आये, खरंच दिसलं तुला?"

"मला त्या समोरच्या होड्या दिसत नायत धड. मोतीबिंदू पिकलाय." तिनं पदर सावरला. "येदिकाचा काल फोन आलेला. हितनं नाय दिसायचं म्हणाली. रडत होती पोर."

"मग आलीस कशाला?"

"टेम्पो ठरलेला. सगल्यांना काय सांगू, माजा पोरगा खोटं बोलला?"

टेम्पो सुरू झाला, तशी ती त्याच्याकडे वाकली.

"फुडच्या टायमाला ने मला. त्या तल्याच्या रस्त्यावर मी तुज्यापासून लांब उभी ऱ्हाईन. तुजी आई हाय असं कुनाला सांगनार नाय."

जन्मभर जिचा आवाज दोन वाड्यांना पुरला, ती हे इतकं हळू बोलली की शेजारी बसलेल्या रघूलाही ऐकू गेलं नाही.