सक्करदऱ्याच्या गच्चीवरची उत्तर दिशा

"साहेब, हा कॉम्प्युटर आम्ही लग्न झाल्यावर पाहायचा का?"

हे मी विचारलं. भर हॉलमध्ये, चारशे मुलींसमोर, मुंबईहून शाळा पाहायला आलेल्या साहेबांना. माझी मैत्रीण प्रेमिला आणि मागच्या बाकांवरची तिची टोळी आदल्या दिवसापासून चिडवत होती, "विचारून दाखव. नाही विचारलं तर तू शामला नाही, गोगलगाय." वर्षभरापूर्वी मी खरंच गोगलगाय होते. हजेरीला 'हजर' इतक्या हळू म्हणायची की बाई गैरहजेरी लावायच्या. पण दहावीच्या सहामाहीत गणितात शंभरातले सत्त्याण्णव मिळाले आणि माझ्या गळ्याचं बूच उडालं ते उडालंच.

सगळा हॉल हसला. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, तेवढ्या हसल्या नाहीत. साहेबांच्या खात्यानं ऑगस्टमध्ये शाळेला कॉम्प्युटर पाठवला होता. कोपऱ्यातली खोली, टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्यावर क्रोशाचं झाकण, झाकणावर कागदी फुलं आणि दाराला कुलूप. चार महिन्यांत आम्ही फक्त ते झाकण पाहिलं होतं, तेही खिडकीच्या फटीतून.

"पाहून काय करशील?" साहेबांनी विचारलं.

"धूमकेतूचा फोटो काढू!"

असं मी का म्हणाले, देव जाणे. त्याच सकाळी विज्ञानाच्या देवराव सरांनी शहात्तर वर्षांनी परत आलेल्या धूमकेतूबद्दल सांगितलं होतं, तेच जिभेवर होतं.

"कॉम्प्युटरनं?"

"कॉम्प्युटर, दुर्बीण अन् आमचे देवराव सर!" मागे उभ्या असलेल्या सरांच्या हातून हजेरीपट पडला.

साहेब म्हणाले, "छान. सव्वीस जानेवारीच्या प्रदर्शनात फोटो लावा. लागला तर हे यंत्र इथंच राहील आणि मुलींच्या हाती राहील. नाहीतर मुलांच्या शाळेचे गणिताचे मास्तर तीनदा अर्ज करून बसलेत. त्यांना देऊन टाकू."

नोव्हेंबर संपत होता. वीस जानेवारीनंतर धूमकेतू सूर्याच्या इतका जवळ जाणार होता की दिसणार नव्हता. म्हणजे हातात पन्नास संध्याकाळी.

"कुठं नेऊन टाकलं वं तू मले!" सर म्हणाले. पण त्यांचे डोळे चमकून राहिले होते. सरांनी स्वतः काच घासून एक दुर्बीण केली होती आणि इतकी वर्षं ती चादरीत गुंडाळून पलंगाखाली पडली होती.

काम काय होतं ते सांगते. धूमकेतू अंधुक. त्याचा फोटो यायचा तर कॅमेऱ्याचं भिंग दहा मिनिटं उघडं ठेवायला लागतं. तेवढ्यात पृथ्वी फिरते, तारे सरकतात आणि फोटोत ठिपक्यांच्या रेघा होतात. म्हणून कॅमेरा दुर्बिणीच्या पाठीवर बांधायचा आणि दुर्बीण मोटरनं हळूहळू ताऱ्यांच्या मागे फिरवायची. मोटर बसवली माझ्या बाबांनी. बाबा गिरणीत मागांवर जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले माग चालू करून देणारे. विणून झालेलं कापड केसाकेसानं गुंडाळत नेणारं एक दातेरी चाक मागाला असतं. सरांचं सगळं ऐकून घेतल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे आभाळ गुंडाळाचं आहे. होते." फोरमनला विचारून त्यांनी भंगारातलं तसलं चाक आणलं, त्याला रेकॉर्ड प्लेअरची मोटर जोडली आणि दोन रविवारांत सगळं आमच्या गच्चीवर उभं केलं. शाळेची गच्ची पाचला बंद होते आणि सरांची खोली तळमजल्यावर, म्हणून आमची गच्ची.

आता खरी मेख. दुर्बीण ज्या दांड्याभोवती फिरते, तो दांडा नेमका आभाळाच्या ध्रुवाकडे रोखलेला पाहिजे. तो किती उंच ठेवायचा ते सरांनी कोनमापक आणि ओळंबा लावून बसवून दिलं. राहिली उत्तर दिशा. ध्रुवतारा दिसला असता तर दोन मिनिटांचं काम. पण नागपुरात, सक्करदऱ्यातल्या आमच्या गच्चीवरून उत्तरेला दिसते ती शेजाऱ्यांची नवी तीन मजली भिंत.

इथं कॉम्प्युटर कामाला आला. मोठ्या बाईंनी किल्ली अशी दिली जशी काही किडनीच देऊन राहिल्या. चपला बाहेर काढून, पाय पुसून मी आत गेले. सरांनी सूत्रं दिली, मी एका बोटानं प्रोग्राम टाइप केला आणि कॅसेटवर साठवला. दक्षिणेकडचा एक ठळक तारा कुठल्या मिनिटाला आभाळात कुठं असेल, ते प्रोग्राम सांगायचा. रोज चार ते पाच मी ते आकडे वहीत उतरवायची. संध्याकाळी घड्याळात जी वेळ असेल, तिच्या ओळीतले आकडे दुर्बिणीच्या अंश आखलेल्या चकत्यांवर लावायचे आणि मग अख्खी बैठक डावीउजवीकडे सरकवत तो तारा मधोमध आणायचा. तारा मध्ये आला की दांडा ध्रुवाकडे झाला. मग मोटर सुरू करून दुर्बीण धूमकेतूकडे वळवायची. सर बजावून गेले होते, "वेळ पक्की पायजे. चार मिनिटं चुकली तर एक अंश गेला समज." संध्याकाळी त्यांच्या शिकवण्या, त्यामुळे ते स्वतः थांबू शकत नव्हते.

घड्याळ खाली, आतल्या खोलीत. मी गच्चीवरून ओरडायची, "आई, किती वाजले?" आई खालून सांगायची. आमचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असतं, बाबांची पाळी चुकू नये म्हणून, माझ्या जन्माच्या आधीपासून. पंधरा वजा करणं आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. मी वजा करायची, ओळ शोधायची, आकडे लावायची.

शाळेनं तीन रोल दिले होते. पहिला रोल डिसेंबरअखेर संपला. चंद्रभानकाकांच्या स्टुडिओत मी आणि प्रेमिला काउंटरला पोट लावून उभ्या होतो. काकांनी फोटो मांडले. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत रेघा. तांदूळ सांडल्यासारख्या, सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या. मध्ये एक पुसट डाग.

"हा धूमकेतू का कापसाचा बोळा?" काकांनी विचारलं.

प्रेमिला हसली. मी तिला कोपर मारलं आणि रडायला लागले.

सर म्हणाले, मोटर पळत असेल नाहीतर चाक अडकत असेल. आणि मी घरी येऊन जे बोलले ते मला आजही आठवायला नको वाटतं. बाबा पाळीवरून येऊन हातपाय धूत होते. मी म्हणाले, "तुमचं चाकच वाकडं आहे! भंगार ते भंगारच!"

आई म्हणाली, "शामले, जीभ आवर." बाबांनी हात पुसले. जेवले, चाक काढून घेतलं आणि ओट्यावर दिवा लावून एकेक दात कानसीनं घासत बसले. दहा दिवस हेच. पाळी, जेवण, कानस. त्यांच्या बोटांना चिरा पडल्या, आई त्यात मेण भरायची.

दुसरा रोल. वीज गेली ती एक संध्याकाळ, ढगांच्या तीन. संक्रांतीला कुणाचा तरी मांजा मोटरीत गुंतला, तो सोडवेपर्यंत धूमकेतू मावळला. तरी सोळा तारखेला रोल धुतला. तशाच रेघा, त्याच बाजूला झुकलेल्या. चाक आता लोण्यासारखं फिरत होतं, तरी रेघा तेवढ्याच लांब.

शाळेत सगळ्यांना कळलं. मधल्या सुट्टीत कॉम्प्युटरच्या खोलीपुढे आता आठवी-नववीच्या पोरी रांग लावून असायच्या. किल्ली मिळाल्यापासून मी त्यांना दोघी-दोघी करून आत नेत होते. स्वतःचं नाव पडद्यावर शंभर वेळा उमटवून घ्यायचं, एवढंच, पण त्या चपला हातात धरून वाट बघायच्या. एक नववीतली म्हणाली, "ताई, नेतील का हो ते कॉम्प्युटर?" मी म्हणाले, "हात् वेडे, कोण नेते!" आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. मी चारशे मुलींसमोर तोंड उघडलं होतं, आता चारशे मुलींची वस्तू माझ्यामुळे जाणार होती. सराव परीक्षा तोंडावर, पुस्तक उघडलं की त्यातही रेघाच दिसायच्या.

वीस जानेवारी. शेवटची संध्याकाळ. आभाळ निरभ्र, थंडी अशी की लोखंडाला हात लावला की झोंबत होतं. बाबांची सकाळची पाळी होती, ते घरी होते, पण गच्चीवर आले नाहीत. त्या दिवशी बैठकीचा एक स्क्रू ढिला झाला, म्हणून मी दोन्ही हातांनी दुर्बिणीची नळी धरून बसले आणि वही प्रेमिलाकडे दिली. एरवी ती बॅटरी धरायची, वही माझ्याकडे असायची.

"आई, किती वाजले?"

खालून आवाज आला, "पावणेसात!"

"प्रेमिला, साडेसहाची ओळ वाच."

"साडेसहाची काहून? आई पावणेसात म्हणाली ना."

"अवं, आमचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे आहे. वाच लवकर!"

आई तेवढ्यात चहाचे कप घेऊन जिन्यात आली होती. ती वरच्या पायरीवर थांबली. "पुढे आहे ते मले माहीत नाही का? घड्याळात सात वाजले. मी कमी करूनच सांगत असते वं."

"रोज?" मी विचारलं.

"रोजच. गच्चीवर अभ्यास चालू आहे म्हटलं, खरा टाइम सांगावा."

प्रेमिलानं माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. आई पंधरा वजा करून सांगायची, त्यातून मी आणखी पंधरा वजा करायची. पाच आठवडे. रोज पंधरा मिनिटं मागचे आकडे, म्हणजे जवळपास चार अंश. तारा मधोमध यायचा आणि दांडा ध्रुवाला सोडून शेजाऱ्यांच्या टाकीकडे बघायचा. चाक बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

बाबा खालच्या पायरीवर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी बाहीनं डोळे पुसले, सगळी नवी हिंमत कुठं गेली कोण जाणे. बाबांच्या बोटांवरचं मेण बॅटरीच्या उजेडात दिसत होतं.

"रडू नको," ते म्हणाले. "लाव आता. वेळ जाऊन राहिला."

बाबांनी स्क्रू आवळला. प्रेमिलानं पावणेसातची ओळ वाचली, नंतर अठ्ठेचाळीसची, नंतर पन्नासची, कारण तारा हातातून निसटत होता. सहा पन्नासला तो मध्ये आला आणि मोटर सुरू केल्यावर मधेच राहिला. पाच मिनिटं हलला नाही. मी डोळा काढून परत लावला, तरी तिथंच, खिळा मारल्यासारखा.

मग दुर्बीण पश्चिमेकडे वळवली. आणि पश्चिमेला वस्तीतल्या सगळ्या शेगड्या पेटल्या होत्या. थंडीचा धूर वर जात नाही, क्षितिजावर गादीसारखा पसरतो. धूमकेतू त्या गादीत बुडत होता. दिसत होता का, की मलाच वाटत होतं?

"भिंग उघड," बाबा म्हणाले.

मी उघडलं. दहा मिनिटं कुणी हललं नाही. आई कप हातात धरून उभी, चहावर साय आली. दुसरा फोटो घ्यायला गेलो तोवर पश्चिम नुसती राखाडी होती. तरी घेतला. तिसराही घेतला. देवाशपथ, मी त्या धुराला हात जोडले, शिव्याही दिल्या.

चंद्रभानकाकांनी फोटो दिले तेव्हा या खेपेला थट्टा केली नाही. पहिल्या फोटोत तारे होते, सुईनं टोचल्यासारखे बारीक, गोल, एकही रेघ नाही. दहा मिनिटं आभाळ आमच्या गच्चीवर थांबलं होतं. आणि खाली, जिथं धूमकेतू असायला हवा तिथं, धुराचा पट्टा.

सरांनी फोटो खिडकीच्या उजेडात नेला. "नागपुरात कोणी असा काढला नसेल," म्हणाले. मोठ्या बाईंनी तो नाकाजवळ धरला, लांब धरला. "पण धूमकेतू कुठं आहे?" मी सांगितलं, पंधरा मिनिटांचं, घड्याळाचं, माझ्या चुकीचं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. प्रदर्शनात फोटो लावलाही. येणारी माणसं थांबायची, चिठ्ठीवर 'धूमकेतू' वाचायची, शोधायची आणि पुढे जायची. साहेबांचं पत्र आधीच आलेलं होतं, फोटोत धूमकेतू नसेल तर सत्तावीसला यंत्र मुलांच्या शाळेत पाठवा.

सत्तावीस तारखेला सायकलरिक्षा आली. कॉम्प्युटर, त्याला पडदा म्हणून जोडलेला टीव्ही, कॅसेट प्लेअर, सगळं गादीत गुंडाळून वर चढवलं. क्रोशाचं झाकण मोठ्या बाईंनी काढून ठेवलं. नववीतल्या पोरी व्हरांड्यात उभ्या होत्या, कुणी मला काही म्हणालं नाही. म्हणायला हवं होतं. प्रेमिला रिक्षाबरोबर फाटकापर्यंत गेली आणि परत येऊन म्हणाली, "त्या शाळेत अकरावी-बारावी आहे. मी रिक्षावाल्यासोबतच्या शिपायाले विचारलं. पोरींले मनाई नाही म्हणे. फक्त आजवर कोणी गेली नाही."

रात्री ताटं वाढली. आईनं विषय काढला, दहावी झाली की उमरेडच्या मावशीकडे शिवणाचा क्लास चांगला आहे, दोन महिन्यांत हात बसतो. बाबा भाकरी मोडत होते, चिरा पडलेलं बोट बाजूला ठेवून. मी ताट पुढे सरकवलं.

"बाबा, आधी तुमची माफी. चाकाले भंगार म्हटलं ते मी परत घेते."

"ठीक आहे वं. जेव."

"अन् दुसरं, दोघंही ऐका. मी विचारून नाही राहिली, सांगून राहिली. जूनमध्ये मी मुलांच्या शाळेत अकरावी सायन्सले नाव टाकणार आहे. प्रेमिला आली तर दोघी, नाही आली तर मी एकटी. तिथं पोरींसाठी बाक नसेल तर घरून पाट नेईन, पण मी जाणार."