कव्हरवरचे दोन शब्द

मी एक फाईल आहे, आणि आज मान खाली घालून बोलतेय.

घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी एक मदत केंद्र आहे. तिथल्या लोखंडी कपाटात मी राहते. माझ्यात एकाच बाईच्या नोंदी आहेत. ती शिवणकाम करते.

नऊ वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली, तेव्हा माझ्यात एकच कागद होता. केंद्रातल्या थोरल्या ताईंनी तासभर तिचं ऐकलं, राहायची सोय केली. दोन दिवसांनी ती नवऱ्याकडे परत गेली. मग पुन्हा आली, पुन्हा गेली. मी जाडजूड होत गेले. कपाटात सगळ्यांत लठ्ठ मीच, याचा मला तोरा होता. आता सांगतानाही लाज वाटते.

सहाव्या खेपेनंतर ताई वैतागल्या. त्या वाईट नव्हत्या, थकल्या होत्या. त्यांनी माझ्या कव्हरवर लाल पेनाने लिहिलं, ‘परत जाते’.

सातव्यांदा ती आली तेव्हा ताई रजेवर होत्या. नव्याने लागलेल्या मुलीने मला काढलं, कव्हर वाचलं आणि न उघडताच बाजूला ठेवलं.

“काकू, बसा हं. आधी नवीन बायकांचं बघते. तुम्हाला काय, इथलं सगळं माहीतच आहे.”

“हो, बसते की.”

सव्वादोन तास ती बसली. भाजलेला हात तिने ओढणीखाली धरला होता. मग उठली, खुर्ची जागेवर सरकवली आणि निघून गेली. मुलीच्या ते लक्षातही आलं नाही.

चौथ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. नवऱ्याने कानशिलात इतक्या जोरात मारलं होतं की तिचा डावा कान कायमचा गेला.

रजेवरून परतलेल्या ताईंनी मुलीकडून सगळं ऐकलं आणि त्या मला काखेत घेऊन धावल्या. खाटेशी उभ्या राहून म्हणाल्या, “चुकलं आमचं.”

तिने माझं कव्हर वाचलं. रागावली नाही, तेच जास्त लागलं.

“खरंय, जात होते परत. पण ताई, पहिल्यांदा दोनच दिवस लांब राहिले. मग आठवडा. मग महिना. मागच्या खेपेला पाच महिने. ते नाही का लिहिलं कुणी?”

लिहिलं होतं. तारखांसकट माझ्या पोटात होतं. मी मात्र दोन शब्द छातीवर मिरवत राहिले.

ताईंनी तिथेच ते कव्हर फाडलं. तुमच्या टेबलावर माझ्यासारखी कुणी आली, तर आधी आतलं वाचा, एवढीच विनवणी.

ती आता वेगळी खोली घेऊन राहते. काल केंद्रात आली होती. मुलीने चाचरत विचारलं, “काकू, फाईल बंद करू?”

“नको गं. अजून मलाच माझा भरवसा नाही. कधीकधी वाटतं, जावं परत.”

मुलगी आपली खुर्ची उचलून काकूंच्या उजव्या कानाशी येऊन बसली.

“सांगा काकू. मला घाई नाही.”