रंगाऱ्याचा कोबी

कोबी जांभळा होता, द्राक्षं काळी होती आणि बेकरीवालीचा संताप लालभडक.

रोज कामावर निघताना ती अप्पांसाठी दोन्ही कापून, झाकून ठेवायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अशा गडद भाज्या-फळांतली रंगद्रव्यं मेंदूला बरी असावीत. पण औषध समजू नका. शेवटचं वाक्य तिने या कानाने ऐकलं नि त्या कानाने सोडलं. बुडत्याला काडीचा आधार, हिने तर अख्खा कोबी धरला होता. अप्पांनी तिला एकदा लेक म्हणून ओळखावं, एवढंच तिला हवं होतं. सध्या ती त्यांच्या लेखी "अहो बाई" होती.

बशी मात्र संध्याकाळी चाटूनपुसून रिकामी असायची. तेवढ्यावरच ती खूश होती.

आज ती लवकर परतली. स्वयंपाकघरात पातेलं, पातेल्यात जांभळं पाणी आणि पाण्यात तिचा कामावरचा पांढरा ॲप्रन. अप्पा लाकडी चमच्याने ढवळत होते. जन्मभर कापड रंगवलेला माणूस. हात कोपरापर्यंत जांभळे, पोटात मात्र कणभर नाही.

"अप्पा! हे खायला दिलं होतं!"

"हळू बोला. रंग बिथरतो."

"रोज हेच करता?"

"रोज नुसतं भिजवून बघत होतो. आज तुरटी सापडली. तुरटीशिवाय कापड रंग धरत नाही हो, बाई."

कपाळावर हात मारून ती स्टुलावर बसली. इतके दिवस बाजार पालथा घातला तो काय मोरी जांभळी करायला? बरं, तुरटी आठवते, आणि पोटची पोर आठवत नाही!

तिने ॲप्रनला हात घातला, तसा अप्पांनी तिच्या मनगटावर चमचा हाणला.

"हात लावू नका. लेकीचा आहे. पांढऱ्यात ती अगदी आजारी दिसते."

"कुठंय तुमची लेक?"

"कामावर. येईलच आता."

ती उठली. चपला घालून बाहेर गेली, दार ओढून घेतलं, डोळे पुसले आणि बेल वाजवली.

दार उघडलं. अप्पांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"आलीस? किती हा उशीर!"

तिने आपलं नेहमीचंच विचारलं. "अप्पा, कोबी खाल्लात?"

अप्पांनी आत बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"ती बाई आहे ना, ऊठसूट जांभळं खायला घालते. वर आरडाओरडा करते. काढून टाक तिला."

"बघते," ती म्हणाली. "पण ती जाईपर्यंत तरी खा की हो."