राहिलेले अकरा उपवास

साळुबाई दुकानात समोर बसल्या होत्या, त्यांच्या पातेल्यावर मी मशीननं नाव टाकत होतो. त्यांच्या नातीचं, तेजस्विनीचं लग्न होतं. 'तेजस्वि' पर्यंत आलो आणि फोन वाजला. सून डिंपल होती.

"पप्पा, लवकर घरी या. मम्मी पाणी गाळता गाळता खाली बसल्या, उठतच नाहीयेत."

मशीन चालूच टाकून मी पळालो. जुन्नरात आमचं भांड्यांचं दुकान, घर तिथून चार मिनिटांवर. पोचलो तेव्हा शेजारचे डॉक्टर दारात सावकाश चपला घालत होते. ते काही बोलायच्या आधीच मला कळलं.

उगमबाईचं, म्हणजे माझ्या बायकोचं, वर्षीतप चालू होतं. आम्हा जैनांत हे मोठं तप. एक दिवस उपवास, त्यात फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी दोन वेळा जेवण. असे तेरा महिने, आणि शेवटी अक्षय तृतीयेला उसाच्या रसानं पारणं. पारण्याला बावीस दिवस राहिले होते. म्हणजे अकरा उपवास.

काही जण म्हणाले, उपवासानं गेली. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "हृदय थांबलं एवढं सांगू शकतो. कशानं, ते नाही सांगता येत."

त्या वर्षात आमच्या घरात सात वार नव्हतेच. खायचा दिवस आणि न खायचा दिवस, दोनच. मला स्वतःला वर्षातून एकदाचा संवत्सरीचा उपवाससुद्धा जमत नाही. तिच्या उपवासाच्या दिवशी घरात जेवायला संकोच वाटायचा, म्हणून मी एसटी स्टँडवर वडे खायचो. घरी आलो की ती म्हणायची, "तोंड धुऊन या. कांद्याचा वास येतोय."

एकदा मी विचारलं, "तुला भूक लागत नाही का गं?"

"लागते की. चारला येते, अर्धा तास बसते, जाते."

"आणि तू काय करतेस तेव्हा?"

"मी पण बसते."

याहून जास्त तिनं कधी सांगितलं नाही. ही बसते म्हणजे नक्की काय करते, याचं मला कुतूहल होतं. विचारू निवांत, म्हणून राहिलं.

पौषात लग्नं नसतात, नाव टाकायचं मशीन रिकामं असतं. तेव्हा मी पारण्याला वाटायचे दीडशे पेले करून ठेवले. 'उगमबाई, वर्षीतप पारणं, अक्षय तृतीया.' ती चिडली होती.

"अहो, व्हायच्या आधी नाव कशाला टाकलं? मधेच सोडलं तर?"

"तू सोडणार होय? आणि तीज काय, आलीच आता."

खरोखरच आली. आमच्या जैन स्थानकात, जिथं साध्वी उतरतात तिथं, वर्षीतप केलेल्या चौघींचं पारणं झालं. गर्दी पांगल्यावर मी महासतीजींसमोर, तिथल्या मोठ्या साध्वींसमोर, हात जोडून उभा राहिलो. "तिचे अकरा राहिलेत. मी करू का तिच्यासाठी?"

त्या म्हणाल्या, "तप ज्याचं त्याचंच असतं, पोपटलालजी. तुम्ही केलं तर ते तुमचं होईल."

"चालेल. आजचं द्या मग."

सगळे उसाचा रस पीत असताना मी पहिल्या उपवासाचं पचक्खाण, म्हणजे संकल्प, घेतलं. मुलगा बंटी माझ्याकडे बघतच राहिला.

दुपारी उन्हामुळं बाजार ओस होता. मी दुकानात घड्याळाकडं बघत बसलो. बरोबर चारला ती आली. पोटात नाही, आधी तोंडात आली. वड्याची चव आली. मग पोटात उतरली. बसायचं म्हणून बसून राहिलो. घाटघरची एसटी गेली. समोरच्या दुकानाच्या पाटीवर चिमणीनं घरटं केलं होतं. तीस वर्षं मी त्या पाटीसमोर बसतोय.

तेवढ्यात साळुबाई आल्या, निमगाव सावाहून. काखेत तेच पातेलं.

"शेठ, राह्यल्यालं अक्षर टाका आता. लग्नात तसंच दिलं, आता मागून आणलंय. पोरीची सासू म्हणली, ह्यो दुकानदार लई आळशी दिसतोय." त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "मी सांगितलं तिला, तुमच्या घरी काय झालं ते. तुमी पळाल्यावर मीच मशीन बंद केलं, आन् शटर वढून घेतलं."

हे मला माहीतच नव्हतं. "बसा साळुबाई. आज अक्षर वाकडं येईल. उपास आहे."

"तुमी? आन् उपास?" त्या हसल्या. "त्या वडेवाल्याला सांगू का, आज धंदा बुडला म्हणून?"

मीही हसलो. त्यांना पाणी द्यायला हात मागं गेला आणि पारण्याच्या खोक्यातला पेला आला. पाणी पिऊन त्यांनी पेला फिरवून बघितला. वाचता येत नाही त्यांना.

"शेठाणींचं नाव हाय का?"

"हो."

"मग ह्यो मी नेते." त्यांनी तो पदरानं पुसला आणि पिशवीत टाकला.

त्या गेल्यावर घड्याळ पाहिलं तर पाच वाजायला आले होते. भूक कधी गेली, कळलंच नाही. उगमबाईला सांगावं म्हणून खिशातला फोन काढला, आणि परत ठेवला.

याला वर्ष झालं. कसं गेलं, सांगता येत नाही. बंटी म्हणाला होता, पेले बफिंगला देऊ, नाव निघेल, दुसऱ्या कुणाचं टाकता येईल. मी खोकं माळ्यावर ठेवलं. पातेल्यावरचं अक्षर पुढच्याच आठवड्यात कोरून दिलं. उपवास जमेल तसे केले. चारला भूक येते, मी बसतो. ती बसून काय करायची, ते अजून पुरतं कळलेलं नाही. पण दर वेळी थोडं कळतं. माघापर्यंत दहा झाले.

काल पुन्हा अक्षय तृतीया होती. डिंपलनं विचारलं, "पप्पा, अकरावा कधी करताय?"

"करू," मी म्हणालो.

एक उपवास राहिला आहे.